"चाललंय की" म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची तंगी मोजायची कशी?

हिंडलग्याची
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याचं) शेवटचं वर्ष चालू आहे, फील्डवर्कला बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली चार गावं मिळाली आहेत. विषय आहे साठीच्या पुढच्या लोकांची आर्थिक असुरक्षितता. फॉर्म छापून मिळालाय आणि त्यात पहिलाच प्रश्न "मासिक उत्पन्न किती". पहिल्या दिवशी अकरा घरं केली, त्यात नऊ ठिकाणी एकच उत्तर, "चाललंय की". एका घरी आजी म्हणाल्या मला काय विचारतीस, पोराला विचार. पोरगा म्हणाला आमच्या आईला काय कमी नाही, आणि खरंच घर चांगलं स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. मी लिहून घेतलं आणि निघाले तर आजी मागनं फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाय, वीस रुपये हायत काय गं, पानं आणायला". मी दिले. खरं फॉर्ममध्ये हे कुठं लिहायचं तेच कळेना, रकाना नाही.

तर विचारायचं हे, की तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाची पैशाची ओढाताण तुम्हाला कशावरनं कळते? मला जास्तीचे पाचच प्रश्न घालायची परवानगी आहे.

खडेबाजार
पहिला प्रतिसाद माझा. कुंदा घरपोच पाठवणे.

मोजपट्टी
मूळचा निपाणीचा, सध्या पुण्यात, आकडेवारीचंच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, माफी.

तुमच्या आजींचा घोळ नवा नाही. आपल्याकडं गरिबी मोजायची पद्धत बसली ती उष्मांकावरनं. १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी धरून हिशोब मांडला, १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. पुढं तेंडुलकर समितीची पद्धत आली, तिचे २०११-१२ चे देशाचे आकडे खेड्यात माणशी महिना ८१६ आणि शहरात १०००. रेषा कितीही वरखाली करा, मोजतात ते *घराचा* खर्च आणि त्याला डोक्यांनी भागतात. म्हणजे घरात सहा माणसं आणि खर्च तीस हजार तर आजीच्या वाट्याला कागदावर पाच हजार आले. तिच्या हातात वीस रुपये नसले तरी ती पाच हजारवाली. ट्रॅक्टरमधला सहावा हिस्सापण तिचाच धरायचा मग.

अमेरिकेत तर आणखी मजा. तिथली सरकारी दारिद्र्यरेषा १९६३-६४ च्या सुमारास मॉली ऑर्शान्स्की नावाच्या बाईंनी काढली, स्वस्तातल्या जेवणाचा खर्च गुणिले तीन. पासष्टच्या वरचे जेवतात कमी, म्हणून त्यांची रेषा तरुणांपेक्षा खाली. अजून खालीच आहे.

नाद खुळा
म्हणजे म्हातारा झाला की गरीब व्हायलापण जास्त गरीब असावं लागतंय 😂

औषधवाला
@मोजपट्टी, जेवतात कमी हे खरंय ओ, खरं गोळ्या खातात जास्त. तो हिशोब कुणी धरला?

माझं शहरातच मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. उत्पन्न बित्पन्न विचारायची गरजच नाही, माझ्या काउंटरला एक दिवस उभं राहा. बीपीची पट्टी दहाची असते. पूर्ण पट्टी, तीन पट्ट्या, महिन्याचं एकदम घेणारा एक वर्ग. "अर्धी पट्टी कापून द्या" म्हणणारा दुसरा. आणि तिसरा वर्ग येतो रविवारी किंवा पगाराच्या आधल्या आठवड्यात, चिठ्ठी पुढं करतो, त्यावर चार औषधं असतात आणि म्हणतो "ह्यातलं कुठलं नाही घेतलं तर चालतंय?" हा प्रश्न मला महिन्यातनं दहा-पंधरा वेळा तरी येतो. मी काय डॉक्टर आहे? काही जण साखरेची गोळी एक दिवसाआड घेतात आणि वर मला सांगतात की बरं वाटतंय म्हणून कमी केलीय. बरं वाटत नसतं, पट्टी पुरवत असतात.

तुमचा पहिला प्रश्न हाच ठेवा. गोळ्या पट्टीनं घेता का सुट्ट्या.

हिंडलग्याची
@औषधवाला काका हे लिहूनच घेतलं. "एक दिवसाआड" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी फक्त "औषधं मिळतात का" विचारत होते आणि सगळे हो म्हणत होते.

निपाणीचा तात्या
आमच्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. फंड कापला जायचा म्हणून पेन्शन बसली. किती? १०००. ते पण २०१४ साली सरकारनं किमान हजार केली म्हणून, आधी त्याच्यापेक्षा कमी यायची. त्यानंतर गॅसची टाकी, तेल, डाळ कुठल्या कुठं गेली, हजार हजारच.

आता ह्यात गंमत ऐका. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, त्याला अंगठा लावायचा मशीनवर. चाळीस वर्षं पान कापून आणि तंबाखू भरून बोटाच्या रेघा राहिल्यात कुठं? मशीन म्हणतंय ही बाई हीच नव्हे. एका वर्षी तीन हेलपाटे झाले, रिक्षाचे पैसे साडेचारशे, तोपर्यंत दोन महिने पेन्शन बंद. आई म्हणाली, "जित्ती हाय म्हणून सांगायलाच निम्मी पेन्शन गेली".

म्हणून माझं म्हणणं, किती मिळतात ते विचारू नका, मागच्या वर्षात किती महिने *आले नाहीत* ते विचारा. हजार दर महिन्याला येणारे वेगळे आणि तीन महिने न येता एकदम येणारे वेगळे. मधल्या तीन महिन्यांत दुकानाच्या वहीवर चढतं ते मग उतरत नाही.

जुना फौजी
तात्यांशी १०० टक्के सहमत. मी मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर, पेन्शन एक तारखेला खात्यात. आमच्या गावात घरटी फौजी आहेत. मी श्रीमंत नाही खरं झोप लागते. माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा जास्त कमावला असेल आयुष्यात, उद्यमबागेत फाउंड्रीला होता, पीएफ उचलून मुलींची लग्नं केली, आता त्याला तारीख म्हणून काय नाहीच. महिन्याची वीस तारीख झाली की तो माझ्याकडं "सहज" चहाला येतो. मी ओळखतो. तोही ओळखतो की मी ओळखतो. दोघं क्रिकेटवर बोलतो, उठताना मी देतो.

शहापूरची सून
बराच वेळ वाचत होते, आता राहवत नाही. सगळ्या गोष्टींत पोरगा-सून व्हिलन आणि म्हातारी बिचारी, असंच का? आमच्या घरची गोष्ट सांगते.

सासऱ्यांचा वडगावात माग होता, बंद पडून पंधरा वर्षं झाली. मिस्टर खाजगी नोकरीत. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना आली, महिना २०००. ते कुणाच्या खात्यात, तर रेशनकार्डावर जी कुटुंबप्रमुख बाई तिच्या. आणि अन्न सुरक्षा कायद्यानं कार्डावर प्रमुख कोण, तर घरातली वयानं सगळ्यात मोठी बाई. म्हणजे सासूबाई. घर चालवते मी, किराणा भरते मी, पैसे त्यांच्या खात्यात. पहिले दोन-तीन महिने आमच्यात अबोला होता ह्यावरनं, खोटं कशाला सांगू.

पण एक झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बँकेत स्वतः गेल्या. पासबुक स्वतःच्या ट्रंकेत. पहिल्या पैशातनं काय आणलं माहीत आहे? माझ्या मुलीला पैंजण, आणि स्वतःला चष्म्याची काच, जी दोन वर्षं तडकलेली होती आणि त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं मी त्याच घरात होते, मला दिसलं नाही. तर ताई, पैसे घरात आहेत का हे विचारून कळत नाही, पासबुक कुणाच्या ट्रंकेत आहे ते बघा.

नाद खुळा
आणि आमच्या आजोबांना काय? आजीला गृहलक्ष्मी, आजीला शक्ती योजनेत बस फुकट, आजोबा मागनं तिकीट काढून. ज्येष्ठ नागरिक म्हणून पंचवीस टक्के सूट तेवढी. आजी मुद्दाम कंडक्टरला मोठ्यांदा सांगते "एक फुल, हे माझे मालक".

कडोलीकर
@नाद खुळा आजोबांना म्हणावं चंदगडला राहायला जा. महाराष्ट्राच्या एसटीत पंचाहत्तरच्या वर फुकट आहे २०२२ पासून. सीमेवरच्या शिनोळीपर्यंत राजा, शिनोळीच्या पुढं तिकीट 😄

खडेबाजार
चंदगडला गेला तर म्हातारपणाच्या पेन्शनीचे, श्रावणबाळचे पण १५०० की ओ. हिकडं संध्या सुरक्षाचे १२००. रस्त्याच्या अल्याड पल्याड तीनशेचा फरक. आणि अर्ज कन्नडमध्ये, आमच्या मामाला वाचता येत नाही, एजंटनं भरून दिला आणि पहिल्या महिन्याची पेन्शन ठेवून घेतली. महाराष्ट्रानं आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली २०२३ ला, त्यावरनं हिकडं केवढा गोंधळ झाला. आम्ही दोन्हीकडचे म्हणून दोन्हीकडनं

संपादक मंडळ
सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत (सतरा). इथं विषयाला धरून लिहावे. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे.

खडेबाजार
अर्धी पट्टी कापून द्या 🙏

औषधवाला
😂😂 बरोबर.

मोजपट्टी
एजंटाचा मुद्दा मात्र धरून ठेवा, तो विषयातलाच आहे. मिळणारी रक्कम १२०० आणि हातात पडणारी रक्कम ह्यात फरक असतो, वाटखर्च, एजंट, मजुरी बुडणं. केंद्राचा वृद्धापकाळ पेन्शनमधला वाटा तर ६० ते ७९ ला फक्त २०० आणि ८० च्या वर ५००, वर्षानुवर्षं तोच, बाकीचं राज्य घालतं. दोनशे रुपये काढायला नाडकचेरीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी ऑफिसच्या, दोन फेऱ्या झाल्या की संपले.

आणि हिंडलग्याच्या ताई, प्रश्न नव्यानं शोधायची गरज नाही, मुंबईच्या देवनारच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं लासी म्हणून मोठी पाहणी केलीय, पहिली फेरी २०१७-१८, पंचेचाळीसच्या वरची ७२ हजारांवर माणसं. त्यात सरळ विचारलंय की गेल्या बारा महिन्यांत घरात पुरेसं नव्हतं म्हणून जेवण कमी केलंत का, एखादी वेळ सोडलीत का. तसलेच शब्द घ्या, मग तुमचे आकडे दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघता येतील.

नाद खुळा
लस्सी?

मोजपट्टी
लासी. पण म्हणा काहीही.

कडोलीकर
जेवणाचा प्रश्न आमच्याकडं फसणार बघा. "उपास असतोय" म्हणून सांगतात. आमची थोरली काकी आठवड्यात तीन उपास करायची, सोमवार, गुरुवार, शनिवार. काका होते तेव्हा एकच होता, सोमवार. काका गेल्यावर देव वाढले. आम्हाला वाटायचं म्हातारपणी भक्ती वाढलीय.

आता माझा मुद्दा, जमिनीचा. फॉर्ममध्ये "शेतजमीन किती" असणारच. आमच्या बापूंच्या नावावर कागदावर तीन एकर, उताऱ्यावर नाव पहिलं. म्हणजे योजनेला अपात्र नाहीतर दाखल्याला अडचण, "तुम्ही तर शेतकरी". खरं जमीन वाटून दोन्ही पोरांकडं, कसतात ती, ऊस घालवतात ती, बिल त्यांच्या खात्यात. बापूंना वर्षाला दोन पोती भात आणि एक बरणी तूप, असं तोंडी ठरलेलं. पहिली दोन वर्षं बासमती आला. मग साधा. मागच्या वर्षी एकच पोतं, "यंदा पीक कमी". बापू मला म्हणाले, पीक कमी असतं तर ट्रॉली मोजलीय की मी.

जुना फौजी
त्यांना सांगा २००७ चा कायदा आहे, आईवडिलांच्या निर्वाहाचा. प्रांतांकडं अर्ज, वकील लागत नाही, महिना १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता लावता येतो. आणि सांभाळायच्या अटीवर जमीन लिहून दिली असेल आणि सांभाळत नसतील तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, कलम २३. फक्त अट कागदात हवी. तोंडी तुपावर नाही.

कडोलीकर
सांगितलं की. बापू काय म्हणाले माहीत आहे? "पोराला कोर्टात उभा केला तर मला खांदा कोण देणार". विषय संपला.

सौ. अक्का
नमस्कार, वय ७१, टिळकवाडी. मुलानं मोबाईलवर टाईप करायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय तर मी माझं सांगते. मी शिक्षिका होते, खाजगी शाळेत, पेन्शन नाही. रिटायर झाल्यावर मिळालेली सगळी रक्कम एका सोसायटीत ठेवली, व्याज अर्धा टक्का जास्त म्हणून. सोसायटी बसली. नाव लिहीत नाही. दर शनिवारी आम्ही ठेवीदार जमायचो, आधी दीडशे होतो, आता वीसेक जमतो, बाकीचे कंटाळले किंवा वारले.

कुणी मला उत्पन्न विचारलं तर मी काय सांगू? मुलाकडं राहते, मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, देवाशपथ. खायला प्यायला कमी नाही. पण गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं गडहिंग्लजला. गुडघे दुखतात म्हणून मी गेले नाही. गुडघे दुखतातच, पण न जायचं कारण ते नव्हतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, मी त्या मुलीची आजी लागते. मुलाकडं मागितले असते तर त्यानं हजार काढून दिले असते, एका शब्दानं. पण मग तो आहेर त्याचा झाला असता, माझा नाही.

मागच्या वर्षात किती लग्नं चुकवली, एवढंच विचारून बघा बाळ.

शहापूरची सून
अक्का 🙏 आज सासूबाईंना विचारणार आहे.

निपाणीचा तात्या
अक्का, तुम्ही शाळेत मराठी शिकवत होता काय? आमची कुणाची चूक काढली नाही म्हणून विचारलं.

सौ. अक्का
गणित.

मोजपट्टी
अक्कांनी सांगितलं ते कुठल्या निर्देशांकात नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा एल्डर इंडेक्स आहे, तो त्यातल्या त्यात शहाणा. रेषा एकच न ठेवता माणूस एकटा का जोडपं, घर भाड्याचं का स्वतःचं का कर्ज चालू, तब्येत बरी का वाईट, गाव कुठलं, असं बघून खर्च काढतात. घर, जेवण, प्रवास, औषधपाणी, किरकोळ. सरकारी रेषेच्या वर पण ह्या खर्चाच्या खाली, असे मधले लोक त्यात सापडतात, ज्यांना गरीब म्हणून काही मिळत नाही आणि स्वतःचं भागत नाही. मला वाटतं अक्का, फौजींचे चुलतभाऊ, ही सगळी तिथली मंडळी. पण त्यातही आहेर "किरकोळ"मध्येच जाईल.

कडोलीकर
मग आपण बेळगावी इंडेक्स काढू. पान-तंबाखू, नातवाच्या हातावर ठेवायचे, यात्रेला लेक आली की चोळीखण, भिशी, आहेर, मोबाईल रिचार्ज, आणि दिवसकार्याचे वेगळे.

खडेबाजार
दिवसकार्याचे वेगळे हे भारी पकडलास. आमच्या आजीची एक डबी होती, तिच्यात बावीस हजार. शेवटच्या आजारात दवाखान्याला पैसे कमी पडले, तिनं डबी काढू दिली नाही. "ते माझ्या मातीचे, त्याला हात लावायचा नाही." फॉर्ममध्ये ही बचत धरायची का नाही? आजी गेल्यावर डबी उघडली तर आत चिठ्ठी, कुणाला किती, भटजीला, गाडीवाल्याला, जेवणाला. आठशे उरत होते, त्यापुढं लिहिलेलं "चहा".

नाद खुळा
ह्यावर काय बोलायचं नाही मला.

हिंडलग्याची
तीन आठवड्यांनी येतेय, परीक्षा मध्ये आली. तुमचे प्रश्न घेऊन ४३ घरं केली. जसं झालं तसं सांगते.

"गोळ्या पट्टीनं का सुट्ट्या", एकदम चाललं. कुणालाही लाज वाटत नाही सांगायला, उलट पट्टी आणून दाखवतात आणि मला मोजता येतं. लासीचा जेवणाचा प्रश्न कडोलीकर म्हणाले तसाच फसला, सगळ्यांना उपास. मग "उपास पहिल्यापासून का अलीकडं वाढले" असा करून बघितला, जरा बरा. पेन्शन किती महिने चुकली हे बायकांना तोंडपाठ असतं, तारखेसकट. पासबुक कुणाकडं, हे पोरगा समोर असताना विचारायचं नाही, एका घरी भांडण लागता लागता राहिलं, माझी चूक.

लग्नांचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. पुरुष म्हणाले "वेळ नसतो". वेळ नसतो! ऐंशी वर्षांचे आजोबा. बायका गुडघ्याचं सांगतात. मग मी "गुडघे" असा वेगळा रकानाच केला.

सौ. अक्का
शाब्बास.

मोजपट्टी
त्या पहिल्या पानवाल्या आजींचं काय केलंत शेवटी? त्यांना कुठल्या गटात घातलं?

हिंडलग्याची
परत गेले होते, ह्यावेळी पानं घेऊनच गेले. पोरगा घरी नव्हता. म्हणाल्या, "पैसं कशाला मागतीस म्हणून त्या दिवशी पोरगा रागावला मला, खरं तुझे वीस परत द्यायचेत की". पदराच्या गाठीतनं दोन दहाच्या नोटा काढून हातात कोंबल्या. कुठनं आणले विचारलं तर सांगेनात. उत्पन्नाच्या रकान्यात मॅडम म्हणतात शून्य लिही. मी अजून काही लिहिलेलं नाही, उद्यापर्यंत मुदत आहे.

खडेबाजार
गुडघे लिहा.